आज्ञाधारक मुले की जबाबदार माणसे?



‘आमचा मुलगा आमच्या शब्दाबाहेर नाही,’ असे एखादी आई सांगते तेव्हा ऐकणारे कौतुकाने मान डोलावतात. मुलीच्या बाबतीत तर हेच सर्वांत मोठे प्रशस्तिपत्रक समजले जाते. सायन्स घ्यायचे की कॉमर्स, हे वडील ठरवतात. शिकायला कोणत्या गावी जायचे, हे मामा किंवा काका ठरवतात. लग्नाचे तर सगळेच मोठी माणसे ठरवतात. मुलगा ‘बरं’ म्हणतो आणि घरात शांतता नांदते. मग एक दिवस तो पंचवीस वर्षांचा होतो आणि तेच घर त्याला विचारते, ‘अरे, तुला काही जबाबदारी कळते की नाही?’

मुलगा गोंधळतो. ज्याला पंचवीस वर्षांत एकही निर्णय स्वतः घ्यावा लागला नाही, त्याला जबाबदारी कळणार तरी कोठून? पोहायला शिकायचे तर कृष्णेत उतरावेच लागते. घाटाच्या पायरीवर बसून हात कसे मारायचे हे कितीही ऐकले, तरी त्याने कोणी पोहायला शिकत नाही.

आज आपल्याला विचार करायचा आहे तो याच प्रश्नाचा. मुलांना स्वतःच्या बुद्धीने विचार करायला, स्वतः निर्णय घ्यायला आणि त्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम स्वतः सोसायला शिकवावे का? वरवर पाहता कोणीही ‘हो’ म्हणेल. पण मनात एक भीती असते आणि ती बोलून दाखवायला हवी. सातारा-सांगली भागात आपण ख्रिस्ती लोक मूठभर आहोत. मुले स्वतंत्र विचार करू लागली तर ती घरापासून, चर्चपासून दूर जातील, असे अनेक आईवडिलांना वाटते. प्रश्न विचारू दिले तर उद्या ती देवालाच प्रश्न विचारतील! त्यापेक्षा मुकाट्याने ऐकणारी मुले बरी.

ही भीती खोटी नाही. पण तिच्यापोटी आपण जे करतो, त्याने ती टळते का, हे तपासून पाहू या.

ऐकण्याची सवय कोणाच्या कामी येते?

आपली मुले आता इथे राहत नाहीत. बारावी झाली की ती पुण्याला जातात, मुंबईला जातात, काही आखाती देशांत जातात. तिथे खोलीवर आई नसते, वडील नसतात आणि रविवारी सकाळी ‘ऊठ, मिस्साला जायचंय,’ म्हणून हाक मारणारेही कोणी नसते. ज्या मुलाला फक्त ऐकण्याची सवय लावली, तो तिथेही ऐकतोच. फक्त आवाज बदलतो. कधी तो खोलीतल्या मित्राचा असतो, कधी जाहिरातीचा, कधी मोबाईलवर आलेल्या निरोपाचा, तर कधी झेंडा हातात देणाऱ्या पुढाऱ्याचा. ‘सगळे घेतात म्हणून’ तो पहिला पेला घेतो. ‘सगळे पाठवतात म्हणून’ दुसऱ्या जातीची, दुसऱ्या धर्माची निंदा करणारा मजकूर तो पुढे पाठवतो. घरात जो दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायला शिकला, तो बाहेरही ओंजळच शोधणार. ओंजळ कोणाची आहे, पाणी कसले आहे, हे पाहायला त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

काही जण म्हणतील, आपण मेंढरे आणि प्रभू आपला मेंढपाळ, मग मेंढरांनी विचार कशाला करायचा? पण संत योहानाच्या शुभवर्तमानातील ती मेंढरे पाहा. ती आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत. ओळखणे, परके आणि आपले यांत निवड करणे, हे बुद्धीचेच काम आहे. जी मेंढरे कोणत्याही आवाजामागे जातात, ती खाटकाच्याही मागे जातील.

टेंभूचा गोपाळ

‘व्यक्तिवाद’ हा शब्द आपल्याला जरा टोचतो. स्वतःपुरते पाहणारा, आईवडिलांना न विचारणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. या शब्दाचा खरा अर्थ पाहायचा तर फार लांब जायला नको. कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे गाव आहे. दुष्काळी तालुक्यांना पाणी देणाऱ्या टेंभू योजनेमुळे हे नाव आज घरोघरी माहीत आहे. याच गावी १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला.

घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाडला मामाच्या आश्रयाने आणि पुढे अकोल्याला, मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षण घेतले. एम. ए.च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तू धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ मी लोकांच्या हितासाठी खर्च करणार आहे, असा त्या पत्राचा आशय होता. गरिबीत वाढलेल्या मुलाने आईला हे कळवणे किती अवघड असेल! पण त्यांनी ते लपवले नाही, तिला अंधारात ठेवले नाही. आपला निर्णय कारणांसह तिच्यापुढे मांडला.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. त्या कार्यात आगरकर टिळक-चिपळूणकरांचे सहकारी झाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे मतभेद झाले, तेव्हा ‘केसरी’ सोडून १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळे-ओवळे यांतील प्रत्येक रूढीला ते एकच प्रश्न विचारत: ही गोष्ट बुद्धीला पटते का आणि तिने माणसाचे भले होते का? मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्यावे, असे ते तेव्हा सांगत होते. त्यांच्या विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते लिहीत राहिले. १८९५ साली, वयाची चाळिशीही गाठण्याआधी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. आपल्या अंत्यसंस्काराचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे वेगळे काढून ठेवले होते, अशी आठवण सांगतात.

आगरकर धर्मश्रद्ध नव्हते. देवाविषयी त्यांची आणि आपली मते जुळणार नाहीत. पण त्यांच्या व्यक्तिवादात स्वार्थ कोठे दिसतो का? स्वतःच्या डोक्याने विचार करणारा हा माणूस स्वतःसाठी जगला नाही. उलट, ‘चार लोक काय म्हणतील’ या धाकाने आयुष्यभर रूढी पाळणारा माणूस पुष्कळदा फक्त स्वतःची अब्रू सांभाळत असतो. स्वतः विचार करणे एक आणि स्वतःपुरता विचार करणे दुसरे. मुलांना पहिले शिकवायचे आहे. ते शिकवले नाही तर दुसरे ती आपोआप शिकतात.

धनिणीच्या बागेतली शाळा

विचार करायला शिकवणे म्हणजे नुसते वादविवाद शिकवणे नव्हे. हे ज्यांनी कृतीने दाखवले ते कर्मवीर भाऊराव पाटील याच मातीतले. जन्म १८८७ साली कुंभोजचा, घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. धनिणीच्या बागेतल्या या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

इथली मुले दळण-कांडण करत, स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतचे बोधवाक्य नुसते भिंतीवर लिहिलेले नव्हते. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथेही आली. गरिबाचा मुलगा दान मागून शिकणार नाही, घाम गाळून शिकेल, म्हणजे त्याची मान ताठ राहील, हा त्यामागचा विचार होता.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की जबाबदारी व्याख्यानाने येत नाही. ज्या मुलाने केलेली भाकरी करपली तर तीस मुलांना करपलेली भाकरी खावी लागणार आहे, त्या मुलाला जबाबदारी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. काम खरे असले पाहिजे आणि चुकले तर कोणाचे तरी खरेच नुकसान होणारे असले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्वावलंबनाचा हा धडा देणाऱ्या भाऊरावांनी मुलांना ‘तुमचे तुम्ही बघा’ असे कधी म्हटले नाही. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत सातारा जिल्ह्यात लहानथोरांना माहीत आहे. मुलाने स्वतःच्या पायावर उभे राहावे यासाठी आधी कोणीतरी त्याच्या पायाखाली जमीन द्यावी लागते. ‘ज्याची त्याची जबाबदारी’ हे शब्द आजकाल फार स्वस्त झाले आहेत. गरीब गरीब राहिला तर त्याचाच दोष, आजारी पडला तर त्याचेच नशीब, असे म्हणून हात झटकणाऱ्यालाही हेच शब्द सोयीचे वाटतात. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिले. पाणी घरात शिरलेल्या माणसाला ‘तुझी जबाबदारी तू घे’ असे कोणी म्हणू शकेल का? त्याच वेळी जे तरुण कोणाच्या हुकमाची वाट न पाहता मदतीला धावले, त्यांनी जबाबदारीचा खरा अर्थ दाखवला. जबाबदार माणूस आधी स्वतःकडे बोट दाखवतो. संकटात सापडलेल्या शेजाऱ्याकडे तो बोट दाखवत नाही, हात पुढे करतो.

भिंत नसलेला तुरुंग

‘हे सगळे चांगल्या मुलांना ठीक आहे. आमचा पोरगा विश्वास टाकण्यासारखा नाही,’ असे एखादे वडील म्हणतील. त्यांनी आटपाडीची हकीकत ऐकावी. टेंभूचे पाणी आज ज्या तालुक्यांना जाते, त्यांतलाच हा सांगली जिल्ह्यातला तालुका. पूर्वी तो औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने, गांधीजींच्या सल्ल्याने, १९३९ साली आपल्या हातातली सत्ता प्रजेकडे सोपवणारी घटना दिली. संस्थान बहात्तर गावांचे. कारभार गावच्या निवडून आलेल्या पंचायतींकडे गेला. ‘या अडाणी लोकांना काय कळते?’ हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेलच. पण राज्य चालवल्यावाचून राज्य चालवणे शिकता येत नाही, हे त्या राजाने ओळखले.

त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेले कैदी तिथे तटबंदीशिवाय, बेड्यांशिवाय शेती करत. त्यांची बायका-मुलेही त्यांच्यासोबत राहत. पळून जायचे म्हटले तर अडवायला भिंत नव्हती. या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे आटपाडीच्याच मुलखातले. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला आणि तिथे त्याला आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला. स्वतंत्रपूरची ही खुली वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागात आजही आहे.

ज्या माणसांच्या हातून मोठे गुन्हे घडले, त्यांच्या बाबतीतही भिंतीपेक्षा विश्वासाची पकड अधिक घट्ट ठरू शकते. मग आपल्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाभोवती आपण किती उंच भिंत बांधणार आहोत? भिंतीआड ठेवलेला मुलगा चांगला आहे की नुसता बंद आहे, हे आपल्याला कळणार तरी कसे?

दोन पुत्र

आता शुभवर्तमानाकडे वळू या. उधळ्या पुत्राचा दाखला आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. त्यातला बाप विलक्षण आहे. धाकटा वाटणी मागतो, तेव्हा बाप त्याला कोंडून ठेवत नाही. मुलगा चुकणार हे त्याला कळत नसेल का? तरी तो वाटणी देतो, जाऊ देतो आणि वाटेकडे डोळे लावून बसतो. मुलगा परत येतो तो कोणाच्या हुकमाने नाही. दूरदेशी, उपाशीपोटी तो स्वतः विचार करतो, स्वतःची चूक स्वतः ओळखतो, काय बोलायचे ते ठरवतो आणि उठून चालू लागतो. बुद्धी आणि जबाबदारी यांचा हा प्रवास आहे.

आता थोरला पाहा. त्याने एकदाही आज्ञा मोडली नाही. पण इतकी वर्षे घरात राहून तो मनाने घरचा झालाच नाही. आपण चाकरासारखे राबलो आणि आपल्याला काहीच मिळाले नाही, असा हिशेब तो मांडतो. भाऊ परत आल्याचा आनंदही त्याला होत नाही. जी आज्ञा स्वतः विचार करून स्वीकारलेली नसते, तिच्या तळाशी पुष्कळदा असे कडू पाणी साचते. आपल्या घरांतही असे थोरले पुत्र आहेत, थोरल्या कन्या आहेत. त्यांनी सगळे ऐकले. पण आत कुठेतरी त्या ऐकण्याचा हिशेब चालू आहे.

प्रभू येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता. आईवडील घाबरून तीन दिवस शोधत होते. त्यानंतर तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न विचारणे आणि आज्ञेत राहणे, दोन्ही एकाच मुलाच्या ठायी, एकाच प्रसंगात आपल्याला दिसतात. आपण मात्र मुलांना यांतले एकच निवडायला लावतो.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. सदसद्विवेकबुद्धी हे माणसाच्या अंतःकरणातले पवित्र स्थान आहे, तिथे तो देवाबरोबर एकटा असतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले. १९६५ सालच्या धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणेत तिने स्पष्ट केले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती करता येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली श्रद्धा आणि बुद्धी यांवर एक संपूर्ण विश्वपत्र लिहिले. ही दोन्ही एकमेकींची वैरी नाहीत, हा त्याचा गाभा आहे. मात्र विवेकबुद्धी म्हणजे ‘मला वाटेल ते’ नव्हे. तिला घडवावे लागते, अभ्यासाने, प्रार्थनेने, अनुभवी माणसांचा सल्ला घेऊन. मुलाच्या जागी आपण निर्णय घेऊ लागलो तर त्याची विवेकबुद्धी घडत नाही, वापर नसलेल्या विळ्यासारखी ती गंजते.

मराठी ख्रिस्ती माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांची आठवण येथे झाल्याशिवाय राहणार नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतः वाचून, झगडून, विचार करून. त्या निर्णयाने घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या, पण पतीचा धर्म म्हणून त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले नाही. जातीभेदाविषयी, सोवळ्याविषयी त्यांच्या स्वतःच्या मनात विचार चालू झाला, तो पूर्ण झाला आणि मगच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ती श्रद्धा त्यांची स्वतःची होती. म्हणूनच टिळक गेल्यावर, पुढील अनेक वर्षांच्या वैधव्यातही ती टिकली. आयुष्याच्या अखेरच्या काळात टिळक साताऱ्यास राहत होते. ‘देवाचा दरबार’ त्यांनी तिथेच सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. स्वतःच्या निर्णयाची किंमत मोजलेला माणूस दुसऱ्याच्या निर्णयाचा मान राखतो.

प्रश्न विचारणाऱ्याचा मान राखला नाही तर काय होते, हेही सातारकरांना ठाऊक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. गावोगावच्या शाळांत जाऊन त्यांनी मुलांना ‘का?’ आणि ‘कशावरून?’ असे विचारायला शिकवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. चमत्काराच्या नावाखाली भोळ्या माणसांना लुबाडणारे सर्व धर्मांत असतात. आपल्यातही कोणी ‘प्रार्थनेने कॅन्सर बरा करतो, औषध बंद कर,’ असे सांगू लागला, तर आपल्या मुलाने तिथल्या तिथे ‘कशावरून?’ असे विचारले पाहिजे. त्या प्रश्नाने देवाचा अपमान होत नाही. एखाद्याचा जीव मात्र वाचू शकतो.

घरी आणि धर्मग्रामात काय करता येईल?

थोर माणसांच्या गोष्टी सांगून थांबणे सोपे असते. म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, कारण सांगावे. ‘मी सांगतो म्हणून’ हे उत्तर पाच वर्षांच्या मुलाला एक वेळ चालेल, पंधरा वर्षांच्या मुलाला चालणार नाही. ज्या नियमाचे कारण आपल्यालाच सांगता येत नाही, तो नियम पुन्हा तपासावा.

दुसरी, खरे काम द्यावे. महिन्याचा किराणा, विजेचे बिल, आजीची औषधे यांपैकी एका गोष्टीचा हिशेब मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावा आणि मध्ये हात घालू नये. पैसे कमी पडले तर कसे भागवायचे हेही त्यांनीच ठरवावे. सणाच्या वेळी युवकांना फक्त खुर्च्या मांडायला आणि पताका लावायला बोलावले जाते. त्याऐवजी एखाद्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक, खर्च आणि जमाखर्चाचा ताळेबंद पूर्णपणे त्यांच्याकडे द्यावा आणि तो त्यांनी सर्वांसमोर वाचून दाखवावा.

तिसरी, प्रश्नाला शिक्षा करू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादी मुलगी विचारते, ‘देव चांगला आहे तर पुरात माणसे का मरतात?’ तिला गप्प बसवले तर ती पुन्हा विचारणार नाही, पण प्रश्न तिच्याबरोबर घरी जाईल. उत्तर पूर्ण देता येत नसेल तर तसे सांगावे आणि तिच्यासोबत शोधावे.

चौथी, मुलगा आणि मुलगी यांना वेगवेगळ्या मापाने मोजू नये. मुलाची चूक ‘अनुभव’ आणि मुलीची चूक ‘बदनामी’, हे माप आगरकरांच्या काळी जितके खोटे होते तितकेच आजही आहे. बाप्तिस्म्याचे पाणी दोघांच्या कपाळी सारखेच पडलेले असते. दृढीकरणाच्या वेळी लहानपणी पालकांनी दिलेले वचन दोघेही आपल्या तोंडाने देतात. ख्रिस्तसभा ज्यांना हे वचन स्वतः द्यायला पुरेसे मोठे समजते, त्यांना घरानेही तसे समजायला हवे.

या सगळ्यात धोका आहेच. स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या मुलांपैकी काही जण चुकतील, काही जण दूर जातील. त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. स्वतः देवाने माणसाला स्वातंत्र्य दिले तेव्हा हा धोका पत्करला, मग आईवडिलांना तो कसा चुकेल? पण ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा होती, त्याच्याच ‘हो’ला वजन असते. पुण्याच्या एखाद्या खोलीत, कोणी पाहत नसताना, कोणी हाक मारत नसताना जो तरुण रविवारी सकाळी आपण होऊन उठतो आणि चर्चची वाट धरतो, त्याला तिथे आपण पाठवलेले नसते. तो स्वतः गेलेला असतो. आपल्या हाती फक्त एवढेच आहे की तो घरी असेपर्यंत त्याला स्वतःच्या पायांनी चालू द्यावे, आणि चुकून दूर गेलाच तर त्या दाखल्यातल्या बापासारखे दार उघडे ठेवून वाटेकडे पाहत राहावे.